दादाने हात वर केले, आता घर कोण राखणार?

(एका वाचकाच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय २७. मूळ घर फोंडा तालुक्यात, नोकरी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये, राहायला मडगावात भाड्याची खोली. पत्रलेखिका सांगते की ती एकटी नाही, एकाच शरीरात ते सहा जण आहेत. इंग्रजीत याला प्लुरल सिस्टीम म्हणतात आणि आतल्या एकेकाला हेडमेट. हे आपसांत ‘सोबती’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बरंच वाचून तिने प्रत्येकाच्या भूमिकेचा तक्ता केला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. ती स्वतः ‘होस्ट’, म्हणजे रोजचे व्यवहार बघणारी. दादा ‘प्रोटेक्टर’, म्हणजे राखणारा, अक्का ‘केअरटेकर’, सात वर्षांची बारकी ‘लिटल’, आणि सतत चुका काढणारा मास्तर ‘पर्सिक्युटर’, म्हणजे छळणारा. सहावी अलीकडे जाणवू लागली आहे. तिच्यापुढची जागा कोरी आहे.

चतुर्थीला मूळ घरी सगळं कुटुंब जमतं. त्यात एक नातेवाईक असतो. तो असेपर्यंत, म्हणजे पाचही दिवस, दादाच पुढे असतो, शरीर त्याच्या ताब्यात असतं, आणि विसर्जनानंतर होस्टला त्या दिवसांतलं जवळजवळ काही आठवत नाही. यंदा दादाने वहीत लिहून ठेवलं आहे: ‘या वर्षी मी येणार नाही. दुसरा माणूस बघा.’ चतुर्थीला सव्वा महिना उरला आहे. दादाला समजवायचं कसं? मास्तरला कायमचा घालवता येईल का? सहावीला कामच नाही, म्हणजे ती खरी नाही का? आईला वाटतं अंगात येतं, आणि ती देवाला कौल लावायचा म्हणते आहे.

---

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी, ही अडचण मराठीने आधीच सोडवून ठेवली आहे. एकीशी मान देऊन बोलायचं तरी ‘तुम्ही’, सहा जणांशी एकदम बोलायचं तरी ‘तुम्ही’च.

मराठीने एक चहाडीही केली आहे. पत्रभर ‘मी घाबरले’, ‘मी उशिरा पोचले’, ‘मी रडले’ असं चाललंय. चौथ्या पानावर चतुर्थीच्या तयारीचं सांगता सांगता मधेच एक ओळ येते: ‘मी कंटाळलो आहे, आता पुरो.’ पुढच्या ओळीपासून परत ‘मी बसने गेले’. ती ओळ खोडलेली नाही. शाई तीच, अक्षर तेवढं उजवीकडे झुकलेलं. पत्र टाकण्याआधी तुम्ही वाचलं असणारच, तेव्हा ती ओळ तुम्ही मुद्दाम राहू दिलीत असं मी धरून चालते. सात पानं दादाविषयी आहेत आणि दादाचं स्वतःचं म्हणणं तेवढ्या एका ओळीत आहे.

तुम्ही विचारता, त्याला समजवायचं कसं. तो नेमकं काय सोडतो आहे, हे त्याला कुणी विचारलं का?

आधी त्या तक्त्याबद्दल. माझा त्याच्यावर राग नाही. ही नावं सापडली त्या रात्री ‘मला वेड लागलेलं नाही, याला शब्द आहेत’ म्हणून तुम्ही सुटकेने रडलात. ते मला कळतं. पण हे शब्द कुठून आले तेही माहीत असू द्या. होस्ट, प्रोटेक्टर, पर्सिक्युटर ही नावं मुख्यतः १९७० आणि ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी रूढ केली. तेव्हा निदानाचं नावही वेगळं होतं. १९८० साली तिथल्या निदानपुस्तिकेत ‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ आला, १९९४ साली त्याचा ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ झाला. समोर बसलेल्या रुग्णाकडे पाहून डॉक्टरांनी केलेली ती टिपणं. नंतर सिस्टीम म्हणून जगणाऱ्या लोकांनी ती उचलली, आपल्या सोयीने वाकवली. तुमच्या कपाटापर्यंत येता येता त्यांची नेमणूकपत्रं झाली.

आपल्याकडे याला मान म्हणतात. माझ्या आजोळी देवळात एका घराण्याकडे तरंग, म्हणजे देवाचा सजवलेला उंच दंड, उचलायचा मान, दुसऱ्याकडे पहिला नारळ घ्यायचा. कधीकाळी कुणीतरी अंगमेहनतीचं काम पत्करलं असणार. पुढे कामाचा मान झाला आणि मानावरून अशी जुंपली की एका वर्षी मामलेदार आला आणि पालखी बाहेर पडलीच नाही. तरंग उचलणारे काका तेव्हा सत्तरीचे, दोन्ही गुडघे गेलेले. ते तरंग सोडेनात, आणि ‘काका, आता बसा’ म्हणायची कुणाची छाती होईना.

तुमचा दादा त्या काकांपेक्षा शहाणा. गुडघे गेले हे त्याने आपणहून सांगितलं.

तो पाच दिवस काय करतो ते तुमच्या पत्रात इथे-तिथे विखुरलंय. मी गोळा करून बघितलं. पंगतीत तो अशा पाटावर बसतो की त्या माणसाच्या आणि तुमच्या मधे दुसरं कुणीतरी येईल. आरतीच्या वेळी भिंतीला पाठ लावून उभा राहतो. ‘जा गो, त्यांना चहा नेऊन दे’ म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतो. रात्री माजघरात सगळे ओळीने झोपले की हा जागा. पाच दिवसांची पाच जागरणं. आणि मग तुम्हा सगळ्यांना घेऊन मडगावच्या बसमध्ये बसतो. यात गूढ असं काही नाही हो. यातलं अर्धं काम एक कडी करील.

तुम्ही लहान होता तेव्हा कडी लावून घ्यायची मुभा नव्हती, परत निघायला हातात पैसे नव्हते, तुमची थोरली बहीण, ताई, स्वतःच शाळेत होती. म्हणून आतलं कुणीतरी उठून दारात उभं राहिलं. आता तुम्हाला पगार आहे, स्कूटर आहे, ताईचं म्हापशाला बिऱ्हाड आहे. तरी वस्ती तीच, पाच रात्रींची, आणि राखायला तोच एकटा. ‘दुसरा माणूस बघा’ असं तो म्हणतो तेव्हा तो माणूस आतलाच असला पाहिजे, हे तुम्ही गृहीत धरलंत. अक्काला उभी करायची का, असंही विचारलंत. अक्काला कशाला? बाहेर बघा.

तीन वाटा मला दिसतात. न जाणं ही एक. पहिल्या वर्षी आई दुखावेल, चार जण विचारतील, दुसऱ्या वर्षी कमी विचारतील. दुसरी, दिवसा जाऊन दिवसा परत येणं. फोंडा ते मडगाव तासाभराचाही रस्ता नाही, आणि ‘लॅबमध्ये रजा मिळाली नाही’ हे गोव्यातल्या कुठल्याही कुटुंबाला पटतं. तिसरी, एकच रात्र राहायची, ताईबरोबर, वेगळ्या खोलीत, कडी लावून. मला विचाराल तर दुसरी. रात्र टळली की दादाचं निम्मं ओझं उतरलं. आईकडे न जाण्याचं दुःख घेऊन मडगावच्या खोलीत एकटं बसण्यापेक्षा ते बरं. पण घर मी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंय.

ताईला सगळं सांगावं लागेल ही भीती पत्रात दोनदा आली आहे. काही सांगावं लागत नाही. ‘ताई, त्या माणसाबरोबर मला एकटीला सोडू नकोस आणि का ते आत्ता विचारू नकोस’, एवढं पुरतं. सिस्टीम, सोबती हे शब्द तुमच्यापाशी राहू द्यात, वाटलं तर पुढे कधी सांगा. मदत मागायला स्वतःची सगळी ओळख उलगडून दाखवायची अट नसते. तुमच्यासारख्या इतरही वाचकांचा इथेच घोटाळा होतो.

एक विचारल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. चतुर्थीला त्या घरी लहान मुलं असतात का? काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मी मागत नाही. पण आज एखाद्या मुलाला धोका आहे असं वाटत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हेही दादाने एकट्याने उचलायचं नाही. ताईला आधी याच कारणाने फोन करावा लागेल कदाचित.

आता होस्ट. या शब्दाचा अर्थ तुम्ही घरमालकीण असा लावून घेतलात. ‘माझ्या सिस्टीममधले ऐकत नाहीत’ हे वाक्य मी मोजलं, तीन वेळा आहे. मला आपला गोव्याचा नागरी कायदा आठवला. १८६७ ची पोर्तुगीज संहिता, इथे १८७० पासून लागू, तिचा काही भाग अजून चालू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, आणि घर विकायचं तर दोघांच्या सह्या. रोज बाजारहाट एकच करतो म्हणून घर त्याचं होत नाही. तुमच्याकडेही तसंच करा. दूध, भाजी, ऑफिस, कपडे हे जो पुढे असेल त्याने बघावं, त्यात बैठका नकोत. मूळ घरी राहायचं का, नोकरी सोडायची का, कुणाला सांगायचं, कुठलं औषध सुरू करायचं, याला सगळ्यांच्या सह्या. बारकीला सही येत नसेल तर चित्र काढील. पण विचारायचं तिलाही.

वहीच्या दोन पानांचे फोटो तुम्ही जोडलेत. प्रत्येक ओळ ‘त्याने हे करावं’, ‘तिने ते करू नये’ अशी. ‘आपण’ हा शब्द एकदाही नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. रविवारी चहाच्या वेळी अर्धा तास, एक पान, सुरुवात ‘आपण’ने, आणि पहिला विषय चतुर्थी. जमेल तेवढ्यांनी लिहावं, न जमेल त्यांनी नंतर.

सह्या-बिह्या होतील तेव्हा होतील, दोन नियम आजपासून. स्कूटरवर आणि गॅसपाशी बारकी पुढे नको. डोकं धूसर झाल्यासारखं वाटलं तर स्कूटर तिथेच ठेवून बस पकडायची. गोळ्या चालू असतील तर वारांचे कप्पे असलेली डबी आणा, कारण दोघांनी आपापली एकेक घेतली तरी पोट एकच आहे. आणि हो, आतल्या कुणीही बाहेर काही केलं-बोललं तर ते सगळ्यांच्या नावावर. ‘ते मी नव्हे, मास्तर बोलला’ हे लॅबमधल्या मैत्रिणीला पटणार नाही, पटूही नये. माफी जो पुढे असेल त्याने मागायची.

मास्तरला घालवता येईल का? नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. या विषयावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २०११ मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली. आतल्या कुणाकडे दुर्लक्ष करा किंवा त्याला काढून टाका असं सांगू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. पण ते बाजूला ठेवा आणि मास्तरची वाक्यं वाचा, तुम्हीच उतरवलेली. ‘हसू नकोस, लोक बघतात.’ ‘ओढणी नीट घे.’ ‘मान खाली.’ सगळी त्या घरातली, त्या वयातली. बाहेरच्याची थप्पड बसण्याआधी आतूनच चापट मारायची, म्हणजे सावध राहाल, असा त्याचा हिशेब दिसतो. हाही राखणदारच, छडी हातात असलेला. आपल्याकडे वेशीवरच्या राखणदाराला रोट-नारळ ठेवतात. तो भल्याचाच, पण विसरलेला त्याला खपत नाही. तुम्ही दोन वर्षं त्याला तक्त्यावर लाल शाईत ‘छळणारा’ म्हणून टांगलंय. एकदा विचारून बघा, ‘मी हसले तर काय होईल असं तुला वाटतं?’ उत्तर लगेच येणार नाही. मात्र तो शरीराला इजा करायला सांगू लागला, तुम्ही तसं लिहिलेलं नाही तरी सांगते, तर वहीत वाटाघाटी करत बसायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालू असतो. जवळ जे कुणी असेल त्याला उठवायचं.

सहावीला काम नाही म्हणून ती खरी नाही! माझे निवृत्त वाचक हे वाचून काय म्हणतील? तुम्ही लिहिता, पाऊस लागला की ती येते, खिडकीत बसते आणि पाऊस थांबला की जाते. मग बसू दे की. कुठल्या घरात वसरीवर बसून नुसता पाऊस बघणारं कुणी नसतं? कोऱ्या जागेत तुम्ही काही भरू नका, नावही सुचवू नका. ज्याला नाव नाही त्याच्यावर नाव लादू नये, असं त्याच तत्त्वांत आहे, आणि मला ते साध्या शहाणपणाचं वाटतं. ती सांगेल तेव्हा सांगेल.

आईवर फार चिडू नका. तिच्यापाशी अवसर, भार, अंगात येणं हे शब्द होते, तिने त्यातला एक तुम्हाला दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातही हे भान आहे. एकापेक्षा जास्त व्यक्तिमत्त्वं जाणवणं हा दर वेळी आजार नसतो. समाजाने मानलेल्या धार्मिक रीतीत ते येत असेल, त्या माणसाला त्रास होत नसेल, कामधंदा अडत नसेल, तर तो विकार नव्हे, असं तिथे म्हटलंय. पाकळी डावी पडली काय, उजवी पडली काय, कौलाने तुमचं काही बिघडत नाही. तिला लावू द्या. पण ‘काढून टाकण्यासाठी’ कुणी मार, उपास, धुरी यांतलं काही सुचवलं तर तिथे सहाच्या सहा जणांचं नाही. आईलाही तसंच सांगा, अगदी याच शब्दांत.

डॉक्टरकडे जायचं का? सिस्टीम म्हणून जगणाऱ्या प्रत्येकाला उपचार लागतात असं मी म्हणणार नाही. कित्येकांचं ठीक चाललेलं असतं. पण तुमचे वर्षाचे पाच दिवस हरवतात, आणि जूनमध्ये वेर्ण्याहून मडगावला कशा आलात ते आठवत नाही असंही लिहिलंत. स्मृतीतले असे खड्डे फेफऱ्यासारख्या दुसऱ्या कारणांनीही पडतात, ते तपासायलाच हवं. बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे मनोविकारांची सरकारी संस्था, आहे. लोक अजून तिला काय म्हणतात ते तुम्हाला-मला ठाऊक आहे, त्या नावाकडे लक्ष देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. काही ठरावीक अपवाद सोडले तर तुमची माहिती परस्पर घरी सांगता येत नाही. जाताना तक्ता नेऊ नका. हरवलेल्या दिवसांची यादी न्या, तारखा आणि वेळा घालून. डॉक्टर हसले तर डॉक्टर बदला. आणि सगळ्यांना घोटून एकच करून टाकतील या भीतीने थांबू नका. एकत्र येणं हा उपचाराचा एक शेवट असतो. बरेच जण एकमेकांशी जमवून राहण्यापाशी थांबतात आणि तिथे बरे असतात.

आता दादाशी दोन शब्द. तूच म्हणते, माझ्या वयाला चालतं. तुझी चिठ्ठी वाचली. तुझं बरोबर आहे. एवढंच मागते, ताईला फोन होईपर्यंत आणि राहायचं की परतायचं ते ठरेपर्यंत एकदम पाठ फिरवू नकोस. बारकी घाबरेल. त्यानंतर तुझ्यावर काही नाही.

शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने कुणीतरी माटोळी, चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात ती, काढली आहे. लाकडी चौकट, आंबाडे, चिबूड, कवंडळं, मधोमध नारळांचा घोस, आणि दोराची एकेक गाठ अशी नेमकी की ज्याने काढली त्याने ती बांधतानाही जवळून पाहिली असणार. होस्टने दुसऱ्याच पानावर सांगून टाकलंय की तिला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. माटोळी तर आदल्या दिवशी बांधतात, उजेड असेपर्यंत. बांधून संध्याकाळच्या बसने परत येता येतं. यंदा शिडीवर कोण चढणार, ठरलंय का?